कार्डावरचं नाव

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी विद्यापीठाने मला गैरहजेरीमुळे काढून टाकलं. तसं कळवणाऱ्या मेलवरची वेळ सकाळी दहा एकतीस आहे. त्या वेळी मी त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या मजल्यावर, तिसऱ्या रांगेत बसले होते. तास नऊ ते अकरा होता. आठ छप्पनला मी दाराशी कार्ड लावलं होतं आणि हिरवा दिवा लागला होता.

मेल मला मिळाला नाही. गुरुवारी तीच गोष्ट पोस्टाने आली. दाराच्या फटीतून पडलेलं पाकीट पायपुसण्यावर पालथं होतं. उलटून पाहिलं तर त्यावर माझं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असं नीट क्रमाने छापलेलं होतं. पाच महिन्यांत विद्यापीठाकडून माझ्या खऱ्या नावाने आलेलं ते पहिलं पत्र.

शहराचं नाव देत नाही, कारण तिथे विद्यापीठ एकच आहे. कार्डिफहून ट्रेनने तासाभरावर, समुद्राच्या बाजूला, एवढं पुरे. आम्ही चौघी एका जुन्या चाळवजा घरात राहत होतो. माझी खोली मागची होती, खिडकीसमोर शेजाऱ्यांची भिंत. कपाटामागे काळी बुरशी धरायची. ती रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसायची आणि दुसऱ्या दिवशी परत पुसायची. आठ दहाची बस. उतरताना ड्रायव्हरला थँक यू म्हणायचं असतं, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. वर्गाच्या दाराशी एक छोटी पेटी होती, तिला कार्ड लावायचं. दिवा हिरवा झाला की हजेरी लागली. परदेशी विद्यार्थ्याची हजेरी म्हणजे नुसती हजेरी नसते. ती कमी पडली तर विद्यापीठ व्हिसा खात्याला कळवतं, आणि व्हिसा तिथे संपतो. हे पहिल्याच दिवशी मोठ्या हॉलमध्ये सांगितलं गेलं होतं. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं. एकही तास चुकवला नव्हता.

झालं होतं ते असं.

प्रवेशाचा अर्ज मी पेपरच्या डेस्कवरून भरला होता, दुपारच्या पाळीत, आवृत्ती सुटायला वेळ असताना. मी चार वर्षं एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. अर्जात नावासाठी तीन चौकोन होते: पहिलं, मधलं, शेवटचं. शेजारी दहावीची गुणपत्रिका ठेवली होती. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून प्रत्येक फॉर्मवर एकच सूचना असते, नाव गुणपत्रिकेप्रमाणे लिहा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. मी त्याच क्रमाने भरलं. पहिल्या चौकोनात आडनाव गेलं, मधल्यात मी, शेवटच्यात बाबा. त्याच दिवशी एका निधनवार्तेत मृताचं आणि त्याच्या मुलाचं नाव उलटं पडलेलं मी पकडलं होतं.

व्हिसासाठीचं पत्र पुढे पासपोर्टवरून तयार झालं, त्यात नाव बरोबर होतं. म्हणून मी निर्धास्त राहिले.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ओळखपत्राच्या रांगेत माझी पाळी आली. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीनवरचं पहिलं नाव वाचलं आणि हसून मला हाक मारली. ती हाक म्हणजे आमचं आडनाव होतं. तिने कार्ड छापून समोर धरलं. पहिलं नाव म्हणून आडनाव, शेवटचं म्हणून वडिलांचं नाव, आणि मध्ये माझं, फक्त एक अक्षर. “सगळं बरोबर आहे ना?” तिने विचारलं.

मी कार्ड वाचलं. चूक मला दिसली. मी हो म्हणाले आणि तिने पुढे केलेल्या टॅबलेटवर “माझी माहिती बरोबर आहे” या ओळीसमोर बरोबरची खूण केली.

इथे आडनावाबद्दल थोडं सांगावं लागेल. आमच्या जिल्ह्यात ते ऐकल्यावर पुढचा प्रश्न गावाचा असतो. त्यापुढचा, गावात कुठे राहता, हा. त्यानंतर प्रश्न येत नाहीत. पेपरमध्ये माझ्या बातम्या छापून यायच्या त्या माझ्या आणि बाबांच्या नावाने. वृत्तसंपादकांनीच सुचवलं होतं, “आडनाव राहू दे, लांब होतं.” ते तीन अक्षरांचं आहे.

काउंटरवरच्या मुलीने ते तीन अक्षरांचं आडनाव एखाद्या लाडक्या नावासारखं उच्चारलं होतं. मग पुढच्या खोलीत पासपोर्ट तपासणाऱ्या माणसाने उच्चारलं नाही. तो फक्त पानं स्कॅन करत होता. आपल्या स्क्रीनवर हे नाव नाही म्हणून त्याने पासपोर्टवरून नवी नोंद उघडली. जुनी तशीच राहिली. त्या दिवसापासून विद्यापीठात मी दोन झाले. एकीकडे कार्ड होतं. दुसरीकडे व्हिसा होता. हे मला फेब्रुवारीत कळलं.

वर्गात मला सगळे आडनावाने हाक मारू लागले. जिन्यावरून, कँटीनच्या त्या टोकाहून, प्रोजेक्टरच्या उजेडात. माझ्या गटातली एक वेल्श मुलगी ते गाण्यासारखं लांबवायची. ते ऐकून कुणी थांबलं नाही. नोव्हेंबरात मला एका वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत आठवड्याचे काही तास काम मिळालं. तिथे माझं कार्ड कुणी बघितलं नव्हतं. सुपरवायझरने विचारलं, तुला काय म्हणून हाक मारू? मी आडनाव सांगितलं. तिथे सगळ्या कपड्यांना कॉलरमागे नावाची पट्टी असते. वाळलेले कपडे पट्ट्या वाचून लावायचे आणि खोल्याखोल्यांत नेऊन द्यायचे. नऊ नंबरच्या खोलीतल्या आजी, मी कार्डिगन द्यायला गेले की, मला पट्टी वाचायला लावायच्या आणि मग माझं नाव विचारायच्या. दर वेळी सांगायचं. दर वेळी म्हणायच्या, “किती गोड नाव आहे, लव्ह. आईने ठेवलं का?”

“वडिलांकडून आलं,” मी म्हणायचे.

बाबा पोस्टात सॉर्टिंगला होते. दर रविवारी फोन करायचे आणि प्रत्येक वेळी पत्रं येतात का, हे विचारायचे. त्यांना मेल खरा वाटत नसे. ग्रंथालयाचं आणि दवाखान्याचं पत्र आलं तेव्हा मी त्यांना पाकिटाचा फोटो पाठवला. त्यावर ‘मिस’ आणि पुढे बाबांचं नाव होतं.

“अगं, हे तर मला आलंय!”

“तुम्हालाच. दवाखान्यात बोलावलंय तुम्हाला.”

“मिस काय गं? मिशा आहेत मला.”

पाठीमागे आई हसताना ऐकू आली. बाबांनी तो फोटो छापून घेतला आणि शोकेसमध्ये ठेवला. त्यांच्या नावाने ब्रिटनमध्ये टपाल येतं, हे त्यांनी गल्लीत सांगितलं.

गुरुवारी पत्र घेऊन मी विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात गेले. समोरचा अधिकारी चाळिशीचा होता, सौम्य आवाजाचा. त्याने आधी पासपोर्टवरचं नाव शोधलं. त्या नोंदीखाली ऑक्टोबरपासून एकही हजेरी नव्हती. तीन ताकीदपत्रं त्या नोंदीच्या मेलवर गेली होती. त्या मेलचा पासवर्ड तर सोडाच, तो मेल आहे हेही मला माहीत नव्हतं. मग त्याने कार्डावरचं नाव शोधलं. तिथे सगळ्या हजेऱ्या होत्या.

“या दोघी तुम्हीच का?” त्याने विचारलं.

मी गुणपत्रिका पुढे केली. त्याने ती बराच वेळ पाहिली आणि विचारलं, यातलं तुमचं नाव कोणतं? मी मधल्या नावावर बोट ठेवलं. त्याने कार्ड उचललं आणि तिथलं एक अक्षर पाहिलं.

व्हिसा खात्याला अहवाल मंगळवारीच गेला होता. तो मागे घ्यायचा तर समितीपुढे अपील करावं लागेल, असं तो म्हणाला. अपिलाला दहा दिवसांची मुदत होती. व्हिसा नसेल तर काम करता येत नाही, म्हणून वृद्धाश्रमात त्याच दिवशी कळवावं लागलं. सुपरवायझरने सॉरी म्हटलं आणि एप्रन परत घेतला. नऊ नंबरच्या आजी झोपल्या होत्या.

माझी शिष्यवृत्ती सरकारी होती, एका वर्षाची, आणि खंड पडला की ती पुन्हा मिळत नव्हती. म्हणजे अपील फेटाळलं गेलं तर पुढच्या सप्टेंबरात नव्याने प्रवेश मिळाला तरी मी येऊ शकणार नव्हते. आमच्या घरातून परदेशी शिकायला गेलेली मी पहिली. शेवटची कोण, हे तेव्हा मनात आलं नाही.

रविवारी मी कार्डिफला गेले. तिथे आमच्याकडच्याच एक डॉक्टर काकू राहतात, तीस वर्षं तिथल्या हॉस्पिटलात आहेत. महिन्यातून एकदा त्या भाड्याच्या हॉलमध्ये वंदनेला सगळ्यांना बोलावतात. मी ऑक्टोबरपासून जात होते. त्यांची मुलगी तिथेच जन्मलेली, कौन्सिलमध्ये कायदा सल्लागार. तिचं मराठी आईपुरतं. जेवणाच्या टेबलावर तिने माझं पत्र दोनदा वाचलं.

“लुक, हा तुझा चूक नाहीये,” ती म्हणाली. “दॅट्स अॅन अॅडमिन एरर. त्यांचा सिस्टिम दोन रेकॉर्ड बनवला.”

“तुझी,” काकू भात वाढता वाढता म्हणाल्या. “तुझी चूक.”

 काकूंचा हात थांबला.

“अगं, मी व्याकरण म्हणते. चूक स्त्रीलिंगी.”

“मॉम, नॉट नाऊ.”

“अहो काकू, कळलं मला,” मी म्हणाले.

मुलीने वही घेतली आणि मुद्दे काढले. हजेरी पूर्ण आहे, पुरावा त्यांच्याच यंत्रात आहे. दुसरी नोंद त्यांच्या माणसाने उघडली. ताकीद पोचली नाही. तीन मुद्दे भक्कम होते. मग तिने पेन खाली ठेवलं.

“ते एकच विचारणार. कार्ड घेतलं तेव्हा तू नेम बघितलंस का? तू सांग, नोटीस नाही केलं. जेट लॅग होता, रांग होती, गर्दी होती. ओके?”

“पण मी बघितलं होतं.”

“हो, पण ते कोणाला माहीत?”

“का नाही सांगितलंस गं तेव्हाच?” काकूंनी विचारलं.

मी सांगितलं. काकू उठल्या आणि आमटी गरम करायला गेल्या. आमटी गरमच होती. मुलगी माझ्याकडे, मग आईकडे बघत राहिली.

“आय डोन्ट गेट इट,” ती म्हणाली. “सरनेम आहे फक्त.”

“हो,” काकू आतून म्हणाल्या. “तुला फक्त सरनेम आहे. त्यासाठीच आलो आम्ही इकडे.”

निघताना काकूंनी डब्यात भाकरी दिली आणि दारात म्हणाल्या, “ती सांगते तसं सांग. एवढ्या तेवढ्याने काही बिघडत नाही.”

समितीची बैठक मार्चच्या पहिल्या आठवड्यात झाली. लांब टेबलापलीकडे तिघे होते, दोन बायका आणि एक पुरुष, शिवाय टिपणं घेणारी एक मुलगी. पाण्याचा जग होता. बैठक वीस मिनिटं चालली. पहिली पंधरा मिनिटं चांगली गेली. हजेरीची यादी त्यांच्यासमोर होती आणि ती पाहून मधल्या बाईंनी मान हलवली. दोन नोंदी व्हायला नको होत्या, असं त्यांनी स्वतः म्हटलं. मग पुरुषाने बरोबरची खूण केलेलं पान काढलं.

“कार्ड मिळालं तेव्हा त्यावरचं नाव चुकीचं आहे हे तुमच्या लक्षात आलं होतं का?”

चार वर्षं मी दुसऱ्यांच्या बातम्यांत हाच प्रश्न विचारत आले होते. माहीत होतं का, आणि केव्हा.

“हो,” मी म्हणाले.

“मग कळवलं का नाही?”

उत्तर माझ्याकडे होतं. इंग्रजीत त्याची पहिली ओळ कुठून सुरू करायची, ते नव्हतं. जिल्हा, गाव, गावातली बाजू, वृत्तसंपादक, तीन अक्षरं. टिपणं घेणाऱ्या मुलीचं पेन कागदावर थांबलेलं दिसत होतं.

“मला त्या नावाचा त्रास होत नव्हता,” मी म्हणाले.

चार दिवसांनी निकाल आला. सोबत टिपण होतं. त्यातलं निर्णायक वाक्य मराठीत करायचं तर असं होईल: विद्यार्थिनीला चुकीची कल्पना होती. डेस्कवर हे वाक्य मी परत पाठवलं असतं. त्याचे दोन अर्थ होतात. इंग्रजीत एकच होत होता. अपील फेटाळलं गेलं होतं.

बाबांना मी रविवारपर्यंत सांगितलं नाही. फोनवर पूर्ण पत्र भाषांतर करून वाचून दाखवलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

“म्हणजे नाव बरोबर होतं त्या कागदावर तू गेलीच नाहीस, असं.”

“हो.”

“आणि चुकीच्यावर रोज गेलीस.”

“हो.”

“मग पहिल्याच दिवशी सांगायचं होतंस ना. पेपरात काम केलेली पोरगी तू. एवढं एक नाव...”

“बाबा, ते आडनावाने हाक मारायचे. सगळ्यांसमोर. मोठ्याने.”

 शोकेसच्या काचेचा आवाज आला. ती सरकवताना अडकते.

“बरं,” बाबा म्हणाले. “जेवलीस का?”

मी जेवले नव्हते. हो म्हणाले.

व्हिसा खात्याचं पत्र पुढच्या आठवड्यात आलं. साठ दिवसांत देश सोडायचा होता. पत्रावर नाव बरोबर होतं.

त्या साठ दिवसांतल्या पहिल्या काही आठवड्यांची नोंद माझ्याकडे आहे, कारण कार्ड चालूच राहिलं. काढून टाकलं होतं ते पासपोर्टवालीला. कार्डवालीला कुणी हात लावला नव्हता. पहिल्या दिवशी मी नुसतं लावून पाहिलं. दिवा हिरवा झाला. मग मी रोज जात राहिले. आठ दहाची बस, थँक यू, दार, दिवा, तिसरी रांग. वह्या भरल्या नाहीत. प्राध्यापकांनी एकदा आडनावाने हाक मारून मत विचारलं. मला प्रश्न ऐकू आला नव्हता. वेल्श मुलीने विचारलं, बरी आहेस ना? तिकडे तो नमस्कारासारखा प्रश्न असतो. मी नमस्कारासारखंच उत्तर दिलं.

पाऊस आडवा पडायचा. मी तास संपल्यावर घरी न जाता बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन तीच बस परत पकडू लागले, कारण बसमध्ये हीटर होता आणि कुणी काही विचारत नव्हतं. कपाटामागची बुरशी पुसणं मी सोडून दिलं. एप्रिलच्या मध्यापर्यंत ती खिडकीच्या चौकटीवर आली. बरोबरच्या तिघींना मी परीक्षेनंतर जाणार आहे असं सांगितलं होतं. परीक्षेला बसता आलं नाही. उत्तरपत्रिकेला जी नोंद लागते ती बंद झाली होती.

एप्रिलमधल्या जयंतीला कार्डिफचा हॉल भरला होता. काकूंनी मला पुढे बसवलं. लहान मुलं स्टेजवर येऊन आपली पूर्ण नावं सांगत होती, तिथल्या उच्चारात. एक मुलगा स्वतःचं नाव सांगून थांबला. काकू खालून म्हणाल्या, “आडनाव, बाळा, आडनाव.” त्याने माईकमध्ये ओरडून सांगितलं. टाळ्या पडल्या. काकूंच्या मुलीने माझा हात धरला होता. तिने विचारलं, “तू खोटं सांगायला पाहिजे होतीस. का नाही सांगितली?” या वेळी काकूंनी तिचं व्याकरण सुधारलं नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात मी निघाले. दोन बॅगा, एक पाठीवरची. किल्ली स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. कार्ड परत कुठे द्यायचं हे कार्यालयात विचारलं होतं; त्यांनी नाव विचारलं आणि मग म्हणाले की या नावाचं कार्ड बंद झालेलं नाही, तुमच्याकडेच ठेवा. ते माझ्याकडे आहे. ब्रिटनमधून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, त्यामुळे मी कधी तो देश सोडला याची माझ्याकडे नोंद नाही. परत आल्याची आहे.

मुंबईला विमान सकाळी उतरलं. काउंटरवरच्या माणसाने पासपोर्ट उघडला, माझ्याकडे पाहिलं, परत पानाकडे पाहिलं.

“मराठी?”

“हो.”

“शिक्षणासाठी होतात?”

“हो.”

त्याने पान जरा उजेडाकडे धरलं. माझं नाव वाचलं, बाबांचं वाचलं, मग वरच्या ओळीतलं आडनाव वाचलं.

“गाव कोणतं?”

मी सांगितलं.

“गावात कुठे?”

मी सांगितलं. त्याने शिक्का मारला आणि पासपोर्ट काचेखालून परत सरकवला.